म्यानावरचा पोचा

जपानहून परतलेली माणसं फुजी पर्वताचे फोटो दाखवतात. आमच्याकडेही तीन आहेत, तिन्ही ढगांचे. पण ज्या चार दिवसांबद्दल लोक मला आजही खोदून खोदून विचारतात, त्यांचा माणसं दिसतील असा एकही फोटो नाही. कॅमेरा अप्पांकडे होता आणि अप्पांनी फक्त एका अमेरिकन तलवारीचे आणि तिच्या म्यानाचे फोटो काढले, तेही शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून.

अप्पा म्हणजे माझे सासरे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये उभी हयात गेलेली, आणि जुन्या हत्यारांचं वेड. पुण्याच्या घरात एक दांडपट्टा, दोन कट्यारी आणि मूठ नसलेली एक धोप आहे. या घरात मला सवती फार, असं सासूबाई म्हणायच्या. सासूबाई गेल्यावर दीड वर्षानं आम्ही अप्पांना त्सुकुबाला आणलं. मी आणि माझा नवरा निनाद, दोघंही तेव्हा तिथे सॉफ्टवेअरमध्ये होतो. पुण्यातल्या प्रत्येक गल्लीतलं एक तरी पोरगं जपानी शिकत होतं, तो हा काळ.

त्सुकुबा म्हणजे पट्टीनं आखलेलं गाव. संशोधन संस्था, रुंद रस्ते, सायकली, आणि संध्याकाळी सातनंतर चिडीचूप. अप्पांना ती शांतता सोसेना. ते रात्री रेडिओ लावून झोपत. जपानी बातम्या, एक अक्षर न कळता. घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं, म्हणायचे. भुताखेतांवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सासूबाईंचं श्राद्धही त्यांनी केलं नाही. गेलेलं माणूस गेलं, विषय संपला.

माझ्या टीममध्ये योको-सान म्हणून एक बाई होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हळूच विचारलं, तुमच्या सासऱ्यांना लोखंडी म्यानाचा पोचा काढता येईल का. त्यांची आई इवाते प्रांतातल्या डोंगरात, जुन्या घरात एकटी राहायची. वय ऐंशीच्या पुढे, छप्पर खचलेलं, आणि पुढचा हिवाळा तिथे काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आई त्सुकुबाला यायला तयार होती, पण एका अटीवर. घरातली तलवार म्यानात गेली पाहिजे. म्यानाला पोचा आल्यामुळे सात वर्षं ती जात नव्हती, आणि ती जात नाही तोवर घरातला पाहुणा जात नाही. पाहुणा असताना यजमानानं घर कसं सोडायचं, असं आईचं म्हणणं.

कसला पाहुणा, मी विचारलं. योको-सान तोंडावर हात ठेवून हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. ओबोन या सणाच्या सुट्टीत ऑफिसात सपोर्टला कुणीतरी लागतं. ती पाळी त्यांनी या वर्षी स्वतः मागून घेतली होती. त्या घरी जायला त्या घाबरतात, हे त्यावरून मी समजले.

अप्पांना मी पाहुण्याचं सांगितलंच नाही. फक्त तलवार अमेरिकन घोडदळाची आहे एवढं म्हटलं. ते लगेच कानशी शोधायला लागले.

सेंदाई

ओबोन म्हणजे जपान्यांचा पितृपक्ष, पण आपल्यासारखा पंधरवडा नव्हे, तीन-चार दिवसांत आटोपतो. आपल्याकडे पितर कावळा होऊन येतात. इथे ते काकडीच्या घोड्यावर बसून येतात. काकडीला काड्यांचे चार पाय लावतात, वांग्यालाही लावतात. येताना लवकर यावं म्हणून घोडा, जाताना रमतगमत जावं म्हणून वांग्याचा बैल. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो, तेवढेच हे. अप्पा म्हणाले, कोशिंबीर आणि भरीत, दोन्हीची सोय झाली.

निनाद मागे राहिला, मी आणि अप्पा दोघंच निघालो. सेंदाईला गाडी बदलायची होती, म्हणून स्टेशनात खाऊन घेतलं. तिथे मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट वडीवर, हिरव्यागार वाटणाचा थर देतात. अप्पांनी चटणी समजून मोठा घास घेतला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोवळ्या सोयाबीनचं गोड वाटण असतं ते. चटणीत साखर घालणारी माणसं तलवारी काय सांभाळणार, असं ते पुढच्या गाडीत बसेपर्यंत म्हणत होते.

किकुची-सानचं घर

योको-सानच्या आईंना मी पहिल्यापासून आडनावानं, किकुची-सान म्हटलं. कमरेत काटकोनात वाकलेली, पायात रबरी बूट घातलेली, चिमणीएवढी बाई. बोली इतकी गावाकडची की मला निम्मं कळायचं. आम्ही पोचलो तेव्हा त्या फाटकापाशीच उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, कारण गाडीची वेळ मी कळवली नव्हती.

त्या भागातली जुनी घरं काटकोनी असतात. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला तबेला, आणि दोन्ही एकाच छपराखाली. चुलीपाशी बसलं की घोडा समोर दिसतो. हिवाळ्यात बर्फ छातीएवढं पडतं, तेव्हा जनावरालाही चुलीची ऊब मिळावी म्हणून. आपल्याकडे गोठा घराला लागून असतो, पण चूल आणि दावण अशी समोरासमोर नसते. किकुचींच्या तबेल्यात चाळीसएक वर्षं घोडा नव्हता. तरी खाली पसरलेला पेंढा ताजा होता आणि डोणीत काठोकाठ पाणी होतं.

तलवार बैठकीच्या खोलीत, फुलं ठेवायच्या उंच कोनाड्यात, पांढऱ्या कापडावर ठेवलेली होती. हातभराहून बरंच लांब बाकदार पातं, पितळी मूठ, मुठीवरून बोटांसमोर आलेल्या तीन पितळी कांबी. मुठीवरचं कातडं गळून गेलं होतं, तार उरली होती. अप्पांनी हात लावण्याआधी सवयीनं हात जोडले. मग रुमालानं धरून ते पातं उजेडाकडे नेलं. पात्याच्या बुडाशी अमेरिकेची दोन अक्षरं होती, वर्षाचा आकडा झिजलेला. धारेवर सात-आठ खाचा. शोभेची वस्तू नाही, ही लढाईतून आलेली आहे, असं ते म्हणाले.

किकुची-साननी सांगितलं ते असं. अमेरिकेतलं आपसातलं युद्ध संपल्यावर तिथली उरलीसुरली हत्यारं बोटींतून योकोहामाला येऊन विकली गेली. यांच्या पणजोबांनी त्यातली ही उचलली, इथल्या लढाईत नेली आणि घरी आणली. खाचा आधीच्याच होत्या. पणजोबा घरी आल्यावर पहिलं वाक्य हे बोलले, की योकोहामापासून कुणीतरी घोड्यावरून मागे येतंय, फाटक लावू नका. तेव्हापासून त्या घरात ओबोनला काकडीचा एक घोडा जास्त करतात. तेराव्या तारखेला तलवार म्यानातून काढून कोनाड्यात ठेवायची आणि म्यान तबेल्यातल्या खुंटीला अडकवायचं. म्हणजे तो उतरतो. सोळाव्या संध्याकाळी तलवार म्यान केली की तो निघतो. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. घरात सगळे त्याला 'पाहुणे' म्हणत.

मी हे अप्पांना भाषांतर करून सांगत होते आणि ते मान हलवत होते, लहान मुलाच्या गोष्टीला हलवतात तशी. मग खुंटीवरून म्यान काढून आणलं. साधं लोखंडी म्यान, टांगायला दोन कड्या, तोंडाशी मोहनाळ, म्हणजे म्यानाचं तोंड मढवणारा पत्रा. मोहनाळेखाली वीतभर अंतरावर पोचा होता. अप्पांनी त्यावर अंगठा फिरवला. म्यान दारात नेलं, तिरपं धरलं, परत अंगठा फिरवला. हा कशानं आला, विचार, म्हणाले.

सात वर्षांपूर्वीच्या भूकंपात वरून वासा पडला, असं किकुची-साननी सांगितलं. त्याच वर्षी त्यांचे यजमान गेले होते.

अप्पा नुसतं 'हं' म्हणाले.

जेवणाला भात, रानभाज्या, लोणची होती. प्रत्येक गोष्टीत मासळीचा अंश आहे का हे मी लाजेनं विचारत होते आणि त्या लाजेनं सांगत होत्या. शेवटी अप्पांनी आमच्या डब्यातलं मेतकूट काढलं. आम्ही चुलीपाशी बसलो होतो, बाहेर अजून तांबूस उजेड होता. तेवढ्यात तबेल्यातून आवाज आला. फळीवर टाप पडल्याचा. एक, दोन, मग थोडं थांबून तिसरी, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकल्यासारखी. मी घाबरले, हे सरळ सांगून टाकते. हातातला घास हातात राहिला. किकुची-सान उठल्या, बादली घेऊन गेल्या, डोणीत पाणी ओतलं, परत येऊन बसल्या आणि मला लोणचं वाढलं. दारात दूधवाला येऊन गेल्यावर आपण दाखवू, त्याहून जास्त काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

लाकूड संध्याकाळचं थंड होतं, आवाज करतं, अप्पा म्हणाले. पण त्यांनी त्या बाजूला पाठ केली नाही.

पंधरा तारीख

सकाळी डोणीतलं पाणी बोटभर उतरलं होतं. उंबऱ्यावरचे काकडीचे चार घोडे काल घराकडे तोंड करून ओळीत होते. चौथा आज ओळीपासून थोडा पुढे आला होता आणि त्याच्या काडीच्या पायांना ओली माती लागली होती. उंबरा कोरडा होता. मी अप्पांना हाक मारून दाखवलं. बाईंनी हलवला असेल, ते म्हणाले. पण त्यांनी वाकून त्या मातीला बोट लावून पाहिलं.

मग ते कामाला बसले. पोचा बाहेरून ठोकून निघत नाही, आतून उचलावा लागतो. एका जुन्या कुदळीचा ओकचा दांडा घेऊन त्यांनी म्यानाच्या पोकळीच्या आकाराचे पाच ठोकळे तासले, प्रत्येक आधीच्यापेक्षा कागदभर जाड. मोहनाळेचा स्क्रू सोडवला, ठोकळ्याला मेण चोळलं, म्यानात सारला, लांब काठीनं हळूहळू ठोकत पोच्याच्या खालून पार केला, बाहेर काढला, मग पुढचा. किकुची-सान चहा घेऊन समोर येऊन बसल्या. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. पण ठोकळा पोच्यापाशी जाऊन अडला की त्यांची मांडीवरची मूठ सैल व्हायची, आणि पुढे सरकला की घट्ट व्हायची. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तरी तास-दोन तासांनी अप्पांचा वेग कमी झाला. पाचवा ठोकळा त्यांनी तीन वेळा तासला. माणूस मुद्दाम रेंगाळतोय हे सुनेला कळतं.

विहिरीवर हात धुताना ते माझ्याशी मराठीतच, पण आवाज उतरवून बोलले.

"मेघना, वासा पडून असा पोचा येत नाही. दोन ठोके आहेत, एकाच जागी. गोल तोंडाची हातोडी. दुसरा पहिल्यापेक्षा जोरात."

म्हणजे किकुची-साननी स्वतःच, मी म्हटलं. अप्पांनी मान डोलावली. मग योको-सानना सांगायला हवं, मी म्हटलं.

"कुणाला काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "तुझी सासू गेली तेव्हा घर रिकामं होऊ नये म्हणून ठोकण्यासारखं माझ्या हाताशी काही असतं, तर मीसुद्धा घातले असते दोन ठोके."

सासूबाई गेल्यापासून त्यांच्याबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. मी टॉवेल पुढे केला आणि तिथेच उभी राहून रडले. ते निघून गेले नाहीत.

सोळा तारीख

परदेशी तलवार जपानात घरी ठेवता येत नाही. परवाना मिळतो तो तिथल्या पद्धतीनं घडवलेल्या जुन्या तलवारींनाच. घर बंद करायचं ठरल्यावर योको-साननी गावच्या पोलिसांना कळवलं होतं, आणि सोळा तारखेला दुपारी चारला एक पोलीस सायकलवरून फॉर्म घेऊन आला. निवृत्तीला आलेला, किकुची-सानना लहानपणापासून ओळखणारा. पाहुणे अजून निघाले नाहीत, असं त्यांनी सांगितल्यावर तो बरं म्हणून ओट्यावर बसला आणि मीठ लावून कलिंगड खात वाट बघू लागला. सरकारी माणसाला भुतासाठी थांबलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

ऊन उतरल्यावर फाटकापाशी पितरांच्या निरोपाचा, वाळक्या काड्यांचा जाळ केला. किकुची-सानचे हात सांध्यांनी वाकडे झालेले, म्हणून तलवार अप्पांनी म्यान करावी असं त्यांनी सुचवलं. अप्पा तलवार आणि म्यान घेऊन तबेल्याच्या दाराशी उभे राहिले आणि थांबले.

"मेघना, दही आहे ना आपल्याकडे?"

त्यांच्या दहीभातासाठी डब्यात होतंच. मी नको तिथे हसले असेन, कारण ते चिडले. निघणाऱ्या माणसाच्या हातावर दही घालतात की नाही, म्हणाले. मी चमचाभर दही आणलं आणि म्यानावर ठेवायला गेले तर ओरडलेच, लोखंडावर नको, गंज धरेल. मग मी अंगणातल्या मोठ्या पानावर ते ठेवलं आणि पान चौथ्या घोड्याशेजारी ठेवलं. साखर विसरले होते, ती मागाहून घातली. किकुची-सान बघत राहिल्या.

अप्पांनी पातं म्यानाच्या तोंडाशी धरलं. पोच्याच्या जागी ते जरा घासलं, आणि मग सरळ आत गेलं. मूठ म्यानावर टेकली तेव्हा लोखंडाचा एकच आवाज झाला.

तबेल्यात पेंढा सळसळला. मग टापा. फळीवरून, मग अंगणातल्या मातीत, सावकाश. दिसत काहीच नव्हतं. घामेजलेल्या जनावराचा वास माझ्या तोंडावरून गेला. ओट्यावरचा पोलीस उठला, टोपी काढून एका बाजूला सरकला, रस्ता द्यावा तसा. वारा पडलेला होता तरी फाटकापाशीचा जाळ रस्त्याच्या दिशेनं आडवा झाला आणि परत उभा राहिला. डोंगराच्या वळणापर्यंत आवाज येत होता. मग थांबला.

किकुची-सान कमरेतून वाकल्या होत्या त्या बराच वेळ तशाच राहिल्या.

फॉर्मवर शिक्का मारून झाल्यावर पोलीस अप्पांना म्हणाला, कायद्याला फक्त पातं लागतं, म्यान हवं तर तुम्ही ठेवा. मी भाषांतर केलं. तीन दिवस त्या म्यानाकडे अप्पा कसे बघत होते हे मी पाहिलं होतं. पुण्याच्या भिंतीवर कुठे लावायचं तेही ठरलं असणार. त्यांनी नको म्हणून मान हलवली. म्यान केलेली तलवार आता पुन्हा उपसायची नाही, जाऊ दे तशीच, म्हणाले. पोलिसानं ती कापडात गुंडाळून पाठीला बांधली आणि सायकलवर गेला.

त्यानंतर किकुची-साननी मला पानाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय होतं. खोटं बोलायचं मनात आलं होतं. घर सोडायला निघालेल्या बाईला सांगायचं तरी कसं? पण सांगितलं. आमच्याकडे निघणाऱ्याला हे देतात, त्यानं सुखरूप परत यावं म्हणून.

त्या एवढंच म्हणाल्या, "पण कुठे?"

उद्यापासून घराला कुलूप. अप्पांनी विचारलं काय म्हणतात, मी सांगितलं. त्यांना विचार करावा लागला नाही.

"निरोप देणारं माणूस जिथे असेल तिथे, म्हणावं."

मी ते जपानीत सांगितलं. सात वर्षं जी बाई लेकीला, डॉक्टरला, शेजाऱ्यांना दाद देत नव्हती, तिनं तासाभरात दोन बोचकी बांधली.

परत त्सुकुबा

सतरा तारखेला दुपारी आम्ही तिघं त्सुकुबाला उतरलो. गाडीत त्या झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून, गाढ. योको-सानची इमारत स्टेशनाजवळच आहे, नवी कोरी, वर नवव्या मजल्यावर त्या वाट बघत होत्या. लिफ्ट आली. किकुची-सान आधी आत गेल्या, मग मी बोचकी घेऊन, मग अप्पा. खाली दुसरं कुणी नव्हतं.

किकुची-साननी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला ही यंत्रं कशी कळणार. मी हात पुढे केला, तर त्यांनी हलकेच मान हलवून मला थांबवलं. त्या बाहेरच्या रिकाम्या फरशीकडे बघत होत्या. मग भिंतीला चिकटून त्यांनी जागा केली आणि थोडं वाकून, घरात येणाऱ्या माणसाला म्हणतात ते 'या, या' म्हणाल्या. लिफ्ट आमच्या पायाखाली किंचित दबली, जड माणूस आत आल्यावर दबते तेवढी.

त्यांनी बटण सोडलं. अप्पांनी खाली ठेवलेली आपली पिशवी उचलून छातीशी धरली, कोपऱ्यात सरकले, आणि मला म्हणाले, "नववा दाब."